वाईत नदीकाठी भाड्याने घर घेताना

प्रश्न असा आहे. जूनपासून पाचगणीच्या शाळेत नोकरी आहे आणि राहायला वाईत घर बघितलं आहे. गणपती आळीत, घाटापासून दोन मिनिटांवर जुना वाडा. तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे परसात संडास-न्हाणी. भाडं ८,००० रुपये, डिपॉझिट ३०,०००. मालक म्हणतात, ११ महिन्यांचाच तर करार आहे, ५०० च्या स्टँपवर नोटरी करून टाकू. घर दिवाळीच्या सुट्टीत बघितलं आणि आवडलं. घ्यावं का?

तळमजला घेऊ नका. त्याच वाड्याची माडी मिळत असेल तर अटी घालून घ्या. नोटरीवर मात्र कोणतंच घर घेऊ नका, वाड्यातलं नको आणि फ्लॅटही नको.

वाईत घर बघतात दिवाळीत आणि राहायचं असतं श्रावणात. दिवाळीत नदी पायऱ्यांच्या खाली असते, भिंती सुकलेल्या असतात, मालकाने चुना-रंग मारलेला असतो, उन्हं परसात उतरलेली असतात. त्या दिवशी कुठलाही वाडा आवडतो. म्हणून दिवाळीत बघितलेल्या घरात पावसाच्या खुणा शोधायच्या, आणि त्या सापडतात.

आधी नदी. वाईत पाऊस फार नाही, पण नदीचं पाणी वाईच्या पावसावर ठरत नाही. कृष्णा महाबळेश्वरहून येते. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ते पाणी वाईच्या वरच्या अंगाला आधी बलकवडी आणि मग धोम धरणात साठतं. धोमची क्षमता साडेतेरा टीएमसी, म्हणजे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी. धरण भरत आलं की दरवाजे उचलतात. त्यामुळे वाईत नुसती भुरभुर चालू असताना घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडताना दिसतात. विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरहून थोडं जास्त, म्हणजे १०,००० क्युसेक म्हटलं की सेकंदाला पावणेतीन लाख लिटरच्या वर. जुलै ते सप्टेंबर हा आकडा रोज बघायची सवय लावून घ्या. नुसत्या आकड्यावरून आपल्या घराचं काही कळत नाही, म्हणून शेजाऱ्यांना विचारायचं, ‘किती सोडलं की पाणी कुठवर येतं?’ नदीकाठच्या आळीत हे जुन्या माणसांना पायरीच्या हिशोबाने पाठ असतं.

ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी नदीच्या अगदी अंगावर बांधलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, पुराचं पाणी त्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. बांधणाऱ्यांना नदीचा स्वभाव पक्का ठाऊक होता. तुमच्या वाड्याचं जोतं बांधणाऱ्यालाही तो ठाऊक असणार, म्हणून जोतं बघा. रस्त्यापासून तीन-चार पायऱ्या चढून उंबरा लागत असेल तर बरं. रस्त्यावर डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढत गेल्याने उंबरा आज रस्त्याच्या बरोबरीला आला असेल, तर मूळच्या शहाणपणाचा उपयोग संपला. अशा घरात पुराच्या आधी गटाराचं पाणी आत येतं.

विचारताना ‘इथे पूर येतो का?’ असं मालकाला विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. समोरच्या दुकानदाराला वर्ष घालून विचारा: २००५, २०१९, २०२१ साली पाणी कुठपर्यंत होतं? मग भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा. यापलीकडे कागदावरची खात्री हवी असेल तर पूररेषा बघायची. जलसंपदा विभागाने आखलेल्या दोन रेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. घर निळ्या रेषेच्या आत आहे का, हे नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात कळतं. आत असेल तर तळमजल्याचा विषय तिथेच संपला.

पुराबद्दल नव्या माणसाची एक चूक हमखास होते. तो दारात वाळूची पोती लावतो आणि पाणी मागून येतं. नदी चढली की गटाराचं तोंड पाण्याखाली जातं आणि गटार उलटं वाहू लागतं. ते पाणी पहिल्यांदा न्हाणीच्या जाळीतून बुडबुड करत वर येतं, मग संडासाच्या भांड्यातून. पुढचं अंगण कोरडं असताना मागच्या न्हाणीत घोटाभर काळं पाणी साचलेलं असतं. म्हणून घर बघताना न्हाणीची जाळी उचलून आत बॅटरी मारा. बाहेर जाणाऱ्या पाइपावर, चेंबरपाशी, एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवलेला आहे का विचारा. नसेल तर बसवून मागा, प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. तेही होत नसेल तर प्रत्येक जाळीच्या मापाची वाळूची छोटी पिशवी शिवून ठेवावी लागेल आणि ती दाबून वर वजन ठेवावं लागेल. शोषखड्डा असलेल्या घरात आणखी एक कटकट असते. आजूबाजूची जमीन पाण्याने भरली की खड्डा पाणी शोषत नाही आणि आठ-पंधरा दिवस संडास नीट उतरत नाही.

आता भिंती. जुन्या वाड्याचं जोतं दगडी, वर मातीच्या किंवा विटांच्या जाड भिंती, मधे सागवानी खांब-तुळया आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेलं छत. या भिंती जमिनीतलं पाणी वातीसारखं वर ओढतात, दोन-तीन फुटांपर्यंत सहज, कधी त्याहून वर. पूर्वी वरून माती-शेणाचा किंवा चुन्याचा गिलावा असायचा. त्यातून ओल बाहेर पडून सुकून जायची. नंतर कुणीतरी ‘मजबुती’साठी सिमेंटचा गिलावा केला. ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही, ती आणखी वर चढली. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे जमले आणि तो फुगला. यालाच लोणा लागणं म्हणतात. भिंतीवर पांढरी पिठासारखी पूड, मग पोपडे, मग खाली मातीचा ढीग. त्यावर कितीही रंग मारला तरी पुढच्या पावसात तेच. यात मालकाची लबाडी असेलच असं नाही, बऱ्याचदा त्याने पैसे खर्चूनच हे करून ठेवलेलं असतं.

ओळखायचं कसं? एक रुपयाच्या नाण्याने भिंत जमिनीपासून छातीपर्यंत ठोकत जा. भरीव भागात टणक आवाज येतो, सुटलेल्या गिलाव्यावर पोकळ. भिंतीला खालचे चार फूट ऑइलपेंट, टाइल किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि वर साधा रंग असेल, तर त्या चार फुटांत काहीतरी झाकलेलं आहे असंच धरा. भिंतीला लागून असलेलं कपाट पुढे ओढून मागे बघा. मालक तयार असेल तर फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर २४ तास ठेवा. आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येते आहे, बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली हवा दमट आहे. दुसऱ्या रोगावर खिडकी उघडणं हा इलाज आहे. पहिल्यावर भाडेकरूच्या हातात इलाज नाही.

खांबांचे पाय आणि तुळयांची भिंतीत शिरणारी टोकं बघायला विसरू नका. वाळवी तिथूनच सुरू होते. खिळ्याच्या किंवा किल्लीच्या टोकाने दाबा. लाकूड चिवट लागलं पाहिजे, टोक पाव इंच आत घुसलं तर ते आतून खाल्लेलं आहे. वरून तेलपाणी केलेलं लाकूड डोळ्यांना फसवतं, किल्लीला नाही. नगरपरिषद दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना नोटिसा देते, या घराला तशी नोटीस आली होती का, तेही विचारा.

माडी घेतलीत तर ओल आणि पूर दोन्ही खाली राहतात, पण मग कौलांशी गाठ असते. मंगलोरी कौलं दर वर्षी मे महिन्यात चाळावी लागतात. फुटकी बदलायची, सरकलेली बसवायची, पन्हळीतला पाला काढायचा. हा खर्च कुणाचा, यावर जुलैत भांडण होतं आणि तेव्हा भर पावसात कौलांवर चढायला कुणी मिळत नाही. करारात ओळ घाला: ‘शाकारणी व पन्हळदुरुस्ती मालकाने स्वखर्चाने दर वर्षी ३१ मेपूर्वी करून द्यावी.’ कडीपाटावर वजन टाकण्यालाही मर्यादा आहे. १,००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन. ती माडीवर ठेवायचीच नाही. पुस्तकांचं कपाट, वॉशिंग मशीन हे खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, कड्यांना आडवं ठेवा, म्हणजे भार एकाच कडीवर येत नाही. २५ लिटरचा गीझर पाणी भरल्यावर ३५-४० किलोंच्या घरात जातो. मातीच्या भिंतीत त्याचे बोल्ट धरत नाहीत.

विजेचं बघताना तीन गोष्टी. मीटर आणि मेन स्विच निदान छातीच्या उंचीवर हवेत. जिन्याखाली गुडघ्याएवढ्या उंचीवर असतील तर नको. दुसरं, अर्थिंग. जुन्या लाकडी पट्टीच्या वायरिंगमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर नसते. ओल्या भिंती आणि नसलेलं अर्थिंग एकत्र आलं की पावसाळ्यात नळाला हात लावला तरी झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियनला शंभर-दोनशे रुपये देऊन प्रत्येक सॉकेट तपासून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवल्याशिवाय राहायला जाऊ नका. तिसरं, महावितरणचं बिल मागा. त्यावर मंजूर भार, थकबाकी आणि घरगुती की व्यापारी दर हे सगळं असतं. वाड्यात दोन-तीन बिऱ्हाडांना मिळून एकच मीटर असेल तर सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात. १०० युनिटांपर्यंतचा स्वस्त टप्पा लगेच संपतो आणि तुमचे ६० युनिटही महागाच्या दरात जातात. स्वतंत्र मीटर नसेल तर सबमीटरचा दर कसा धरणार, ते आधी लिहून घ्या.

पाणी नळाला वेळेवरच येतं, चोवीस तास नाही. माणशी रोज १३५ लिटरचा हिशोब धरला तर चौघांना साडेपाचशे लिटर लागतं. त्यापेक्षा लहान साठा असेल तर एक दिवस नळ चुकला की ओरड. पाणी माडीवर चढवायला मोटर कुणाची आणि तिचं वीजबिल कुणाच्या मीटरवर, एवढं विचारा.

आता कागद. इथे दोन प्रश्न आहेत आणि लोक दुसऱ्याचीच चर्चा करत बसतात. पहिला प्रश्न: जो भाड्याने देतो आहे त्याला द्यायचा अधिकार आहे का? जुन्या गावात वाडा एकाच्या नावावर क्वचित असतो. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर आजोबांचं नाव, खाली वारसांची सहा नावं, त्यातले दोघे पुण्यात, एक परदेशात, आणि घराची किल्ली गावात राहणाऱ्या धाकट्याकडे. तो प्रामाणिक असतो, भाडंही वाजवी सांगतो, आणि चार महिन्यांनी पुण्याचे काका दारात उभे राहून विचारतात, ‘तुम्हाला इथे कुणी ठेवलं?’ म्हणून मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा मागा आणि करारावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या, किंवा त्यांनी एकाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र, यांपैकी एक घ्या. वाटणीचा दावा कोर्टात चालू असेल तर ते घर सोडून द्या. वाडा देवस्थानचा किंवा एखाद्या विश्वस्त संस्थेचा असेल तर करार संस्थेशी करायचा, पुजाऱ्याशी किंवा दिवाणजीशी नाही. संस्थेला तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने इमारत भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ११ महिन्यांना तिचा संबंध येत नाही.

दुसरा प्रश्न नोटरीचा. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसताना वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोटरीचा आग्रह धरणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. हे त्याला शांतपणे सांगितलं तर बहुतेक तयार होतात. खरी अडचण घरपट्टीची असते. भाडेकरूची नोंद झाली की घरपट्टी वाढेल ही भीती. ती वाढ भाड्यात धरून बोलणी करा, पण नोंदणी सोडू नका. तुम्हाला शाळेत घरभाडं भत्त्याची करसवलत घ्यायची असेल तर हाच करार लागणार आहे.

खर्च किती? तुमच्याच आकड्यांवर बघा. ११ महिन्यांचं भाडं ८८,०००. परत मिळणाऱ्या ३०,००० डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ११ महिन्यांचे २,७५०. एकूण ९०,७५०. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे २२७ रुपये. रक्कम वरच्या आकड्याला नेऊन भरावी लागते. नोंदणी शुल्क शहरी हद्दीत १,०००, ग्रामीण हद्दीत ५००. ५०० चा स्टँप आणि नोटरीची फी धरली तर फरक असा कितीसा उरला? दुय्यम निबंधक कार्यालयात जायचीही गरज नाही. ऑनलाइन नोंदणी करणारा अधिकृत सेवादाता अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, दोघांचं आधार आणि अंगठा घेतो, त्याची फी वेगळी. डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि त्या व्यवहाराचा क्रमांक करारात घाला. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात मालकाने द्यायची असते. तिची पोच मागून ठेवा.

छापील मसुद्यात नसलेल्या आणि नदीकाठी हव्याच अशा अटी सांगतो. घरात पुराचं किंवा गटाराचं पाणी शिरलं, किंवा प्रशासनाने घर रिकामं करायला सांगितलं, तर त्या दिवसापासून भाडं बंद. लॉक-इनची, म्हणजे घर सोडता येत नाही ती, मुदत तेव्हा लागू नाही. घर सोडलं तर डिपॉझिट सात दिवसांत परत. पुराच्या वेळी खालचं सामान ठेवायला माडीवरची एक खोली किंवा सोपा वापरू द्यावा. लोणा, वाळवी, छत यांची दुरुस्ती मालकाची. बल्ब, नळाचे वॉशर, कडी-कोयंडे तुमचे. पुरानंतर गाळ काढण्याचा खर्च मालकाचा. आणि एक खास वाईची अट: वाड्यात सिनेमा-मालिकांचं चित्रीकरण होणार असेल तर आठ दिवस आधी कळवावं आणि तुमच्या जाण्या-येण्याची वाट मोकळी राहावी. हसू नका, वाई-मेणवलीच्या वाड्यांना आणि घाटांना ही मागणी कायम असते आणि दिंडी दरवाज्यात जनरेटरची गाडी उभी राहिली की दुधाची पिशवी आणायलाही परवानगी काढावी लागते.

पाणी वाढायला लागलं की क्रम लक्षात ठेवा. आधी मेन स्विच बंद. मग सिलिंडर: रेग्युलेटर काढून, टोपी लावून साखळीने खांबाला बांधायचा. भरलेला १४.२ किलोचा सिलिंडरही पाण्यावर तरंगतो. त्याचं एकूण वजन साधारण ३० किलो आणि तो बाजूला सारतो ते पाणी ३३ किलोंहून जास्त. मोकळा सुटला तर खोलीभर आपटत फिरतो. मग कागदपत्रं, धान्य, फ्रीज, याच क्रमाने माडीवर.

गावठाणाबाहेर नव्या वस्तीतल्या फ्लॅटला यातलं निम्मं दुखणं नाही. तिथे इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला वापरण्याची नगरपरिषदेची परवानगी) आहे का, देखभालीचा खर्च भाड्यात धरला आहे की वेगळा, आणि पार्किंग कुठलं, एवढं बघितलं की बास. पाचगणी पसरणी घाटाने सुमारे १२ किलोमीटर. पावसात धुकं आणि पडलेल्या दरडी धरून अर्धा तास हाताशी ठेवा. पहिला पावसाळा फ्लॅटमध्ये काढून, ऑगस्टमध्ये नदीकाठच्या आळ्यांतून फिरून दुसऱ्या वर्षी वाडा निवडणं हा मला सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो. पण माडीच्या खिडकीतून नदी बघायची ज्याला ओढ आहे, तो हे ऐकणार नाही हेही ठाऊक आहे.

तेव्हा माडी घेणार असाल तर टेप घेऊन जा. दिंडी दरवाजा आणि जिना मोजा. वाड्यातले जिने बहुधा दोन-अडीच फुटांचे, उभे आणि वर झडप असलेले असतात. दोन दारांचा फ्रीज त्यातून वर जात नाही. दोरीने बाहेरून चढवायचा तर गज नसलेली खिडकी लागते. मोठा टेम्पो आळीत शिरत नाही, तोंडाशी उभा करून हातगाडीने सामान न्यावं लागतं, म्हणून हमालीचा दर अंतर सांगूनच ठरवा. सामान मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी आणा. शनिवारी महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांनी गाव भरलेलं असतं, आणि संकष्टीला गणपती आळीत टेम्पो उभा करायलाही जागा नसते.